नव्या घराला काजळी

लोक घर बांधून झालं की रंग देतात. मी घर बांधून झाल्यावर त्याला काजळी फासली, पत्र्याला मिठाच्या पाण्यानं गंज चढवला, आणि एवढ्यावर समाधान होईना म्हणून छिन्नी-हातोडा घेऊन पुढच्या भिंतीला स्वतःच्या हातानं तडा पाडला. तडा इतका हुबेहूब जमला की त्याच्याखालून आत जाताना मीच मान खाली घालू लागलो. हे सगळं मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं. काजळी आमच्या गल्लीत तेव्हा सगळेच फासत होते. तडा मात्र माझा एकट्याचा.

असं का, ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

लग्नानंतर आम्ही बिबवेवाडीत एका खोलीत भाड्यानं राहत होतो. मी बुधवार पेठेत कंप्युटर जोडून विकणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. शहरात नवनव्या कंपन्या येत होत्या, काचेच्या इमारती उठत होत्या, आणि आमच्या दुकानातून टेम्पो भरभरून मॉनिटर जायचे. गिऱ्हाइकाला मी येणाऱ्या काळाबद्दल असं काही सांगायचो की वाटावं, तो काळ माझ्या परवानगीनंच यायचा आहे. घरी आलो की मात्र कुजबुजत बोलायचो, कारण घरमालक पलीकडे आणि मधली भिंत प्लायवूडची. मुलगी रडायला लागली की बायको घाईघाईनं तिच्या तोंडात बिस्कीट द्यायची. एकदा मालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो तुमची. आवाज येतो, पण गोड आहे." भाडेकरार पुढे वाढणार नाही, हे पुण्यात याहून स्पष्ट कुणी सांगत नाही.

दुकानातल्या एकानं पत्ता दिला. विश्रांतवाडीच्या पुढे, नुकत्याच शहरात घेतलेल्या एका गावाच्या शिवारात एक शेतकरी आपलं रान गुंठ्या-गुंठ्यानं विकत होता. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मी गेलो तर रानात गुडघाभर गवत, एका बाजूला आधीच उभी राहिलेली सात-आठ घरं, आणि मधोमध एक लोखंडी पाटी. मी ती वाचली. वाचता येतं, इथूनच माझ्या अडचणी सुरू होतात.

"तात्या, ही जागा गरिबांच्या घरांसाठी राखीव आहे असं लिहिलंय."

"हाय की."

"मग तुम्ही विकता कशी?"

तात्यांनी मला चपलांपासून वरपर्यंत सावकाश न्याहाळलं. "मग तुमी कोन हाय? जमीनदार हाय का?"

मी बी.कॉम. झालेला माणूस, पण हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. जागा गरिबांच्या घरांसाठी राखलेली, मी गरीब, मला घर हवं. यात बेकायदा काय आहे ते मला खरोखर दिसेना. तात्यांचीही बाजू होती. ते म्हणाले, "पालिकेची मान्सं नकाशावर रंग मारून गेली अन् इसरली. नाव माझंच, पन मला बांधता येईना, कुनी कायदेशीर घेईना. पालिका घेईन म्हनती, कवा ते सांगंना. पोरं इचारत्यात, आपली जमीन हाय का न्हाई. काय सांगू?"

म्हणून ते विकत होते आणि म्हणून आम्ही घेत होतो. पाया खणताना मी शर्ट काढून त्याच पाटीवर टांगायचो. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींच्या नजरेला पडू नये म्हणून बायकोनं पाटीवर साडी वाळत घातली. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर पत्रा. मुलगी पहिल्याच दिवशी मोठ्यांदा रडली आणि आम्ही दोघं तिच्याकडे कौतुकानं बघत बसलो. कुणी बिस्कीट दिलं नाही.

ते सुख फार दिवस टिकलं नाही.

एका सकाळी मी दुकानाला निघालो तर पलीकडच्या ओढ्याकाठच्या वस्तीवर पालिकेचं पिवळं यंत्र आलेलं. बस थांबली, सगळे खिडकीतून बघू लागले, मीही बघितलं. एक बाई तांदळाच्या पोत्यावर बसली होती, दोन्ही गुडघ्यांत गॅसची टाकी धरून. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. टाकी कुणी नेऊ नये एवढंच तिला बघायचं होतं. तिच्या मागे एकच भिंत उरली होती आणि तिच्यावर कॅलेंडर फडफडत होतं. यंत्रानं त्या भिंतीला नुसता हात लावल्यासारखं केलं. भिंत बसली. मला वाटलं होतं, मोठा आवाज होईल. तसा काही झाला नाही. गव्हाचं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच.

मी पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि उलटा घरी आलो. बायकोला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. भांडी, कपडे, देव, सगळं एका चादरीत बांधून ती त्या गाठोड्याशेजारी बसली होती. यंत्र त्या दिवशी आमच्याकडे आलं नाही. पण गाठोडं पुन्हा पूर्ण सुटलं नाही. स्वयंपाकाच्या वेळी तिनं गाठोड्यातून तवा काढायचा, भाकरी करायच्या, तवा घासायचा, पुसायचा आणि परत गाठोड्यात ठेवायचा. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो. रस्त्यावरून जड गाडी गेली की पत्रा थरथरायचा आणि मी हातातलं काम सोडून ती पुढे जाते की वळते हे ऐकत राहायचो. मुलीनं तर एक खेळच काढला. डब्यांवर डबे रचायची, लांब जाऊन उभी राहायची, "आले" म्हणायची आणि ढकलून द्यायची. ओरडून नाही, साधं, पाहुणे आल्यावर सांगावं तसं. आले.

मग गल्लीत बातमी आली. एका ठरावीक तारखेच्या आधीची घरं पालिका राहू देणार, नंतरची पाडणार. आमची सगळीच त्या तारखेनंतरची. पण कुणाकडे धड काही पुरावा नाही, तेव्हा पालिकेचे ओव्हरसियर येऊन घरं बघणार आणि जुनं कोणतं, नवं कोणतं हे डोळ्यांनी ठरवणार, असंही कुणीतरी सांगितलं. हे खरं होतं की नव्हतं, देव जाणे. घाबरलेला माणूस अफवेची पावती मागत नाही.

सुरुवात समोरच्या गवंड्यानं केली. गल्लीतली अर्धी घरं त्यानंच बांधलेली. त्यानं रॉकेलची चिमणी पेटवून ती आपल्याच नव्या भिंतीला धरली आणि छपराखाली छान काळपट पट्टा उमटवला. दुसऱ्या दिवशी गल्लीभर चिमण्या पेटल्या. कुणी विटांवर ताक शिंपडलं, शेवाळ लवकर धरतं म्हणून. कुणी दाराशी चांगला उंच शेवगा आणून लावला, तो महिन्यात वाळला आणि त्यामुळे आणखीच जुना दिसू लागला. आया आपल्या मुलांना बजावायच्या, "भिंतीला हात पुसा रे जाता-येता." एरवी ज्यावर मार बसायचा, त्याला आता शाबासकी मिळत होती.

मी जुन्या बाजारात गेलो. दुकानदाराचा पिंड, कमी करणं मला जमत नाही. आधी एक कुरतडलेला दरवाजा घेतला. मग एका टपरीवर पागोटं घातलेल्या, मिशीवाल्या कुणा गृहस्थांचा फ्रेम केलेला फोटो दिसला. तोही घेतला. घरी आणून आत, दारासमोरच्या भिंतीवर लावला आणि हार घातला.

बायको म्हणाली, "हे कोण?"

"आजोबा."

"कुणाचे?"

"आता आपलेच. यांनी घर बांधलं."

तिनं पदरानं फोटोची काच पुसली. "बघतायत तरी कसे. यांनाही पटलेलं दिसत नाही."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण गल्लीत सगळ्यांची घरं सारखीच काळी, आपलं उठून दिसायला पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. एका रविवारी मी छिन्नी घेतली आणि छपरापासून दाराच्या चौकटीवरून जमिनीपर्यंत गिलाव्यात नागमोडी तडा काढला. त्यात काजळी भरली. आणि चित्र पुरं व्हावं म्हणून बाहेरून भिंतीला एक बांबूचा टेकू दिला. बायको आत भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

ओव्हरसियर खरंच आले. साठीकडे झुकलेले, सडपातळ, हातात टेप, आणि मागे रंगाचा डबा घेतलेला शिपाई. गवंड्याच्या दारात उभे राहून त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि त्याच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, मुलांना जरा लांब ठेवा. काजळी ओली आहे, कपडे खराब होतील." शिपायानं भिंतीवर पिवळ्या रंगात नंबर टाकला. तसाच पुढच्या घरावर टाकला. नंबर म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राहणार की जाणार, काहीही असू शकत होतं. विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

मग ते आमच्या दाराशी आले आणि टेकूपाशी थबकले. मला आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांनी टेकूला हात लावला, तड्यावरून बोट फिरवलं, आत डोकावून फोटो बघितला.

"हे कोण?"

"आजोबा. त्यांनीच बांधलं हे."

"असं? त्यांच्यानंतर कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही." मग त्यांची नजर डबे रचत बसलेल्या मुलीवर गेली आणि आवाज बदलला. "आपण या लहान मुलीला घेऊन या भिंतीखाली झोपता?"

"हो. म्हणजे..."

"शिकलेले दिसता." एवढं बोलून त्यांनी शिपायाला खूण केली. त्यानं पिवळा डबा खाली ठेवला, पिशवीतून लाल डबा काढला आणि आमच्या भिंतीवर माझ्या तड्याच्या दोन्ही बाजूंना नीट पुरेल असं मोठ्या अक्षरांत लिहिलं: धोकादायक.

"आठवड्याभरात घर खाली करा," ओव्हरसियर म्हणाले. "आम्ही उतरवून घेऊ. कुणी दबून मेलं तर मला झोप लागायची नाही."

ते वळले. मी काय सांगणार होतो? घर मजबूत आहे म्हणावं, तर ते परवाचं आहे हे कबूल करावं लागत होतं. परवाचं म्हणून पाडतील. जुनं आहे म्हणावं, तर जुनं म्हणून पाडतील. दोन्ही बाजूंनी मीच दार लावून घेतलं होतं, आणि तेही कुरतडलेलं.

संध्याकाळी गल्ली आमच्या दाराशी जमली. सहानुभूतीला आलेत असं मला वाटलं. गवंडी म्हणाला, "तुला काजळी सांगितली होती. तडा कुणी सांगितला?"

"चुकलं."

"चुकलं म्हणून भागतंय का? यंत्र तुझ्या एका घरासाठी येणार. एकदा गल्लीत शिरलं की ते एका घरावर थांबतं का?"

सगळ्यांच्या मनात तेच होतं. माझ्या अतिशहाणपणानं मी त्या सगळ्यांच्या घरांपर्यंत यंत्राला वाट करून दिली होती. दुसऱ्या दिवसापासून नळावर बायकोचा हंडा कुणी पुढे सरकवेना. मुलीला कुणी खेळायला बोलवेना. दुकानात मी एका गिऱ्हाइकाला मॉनिटर दाखवत होतो, पडद्यावर पिवळा चौकोन आला आणि मी झटकन दोन पावलं मागे सरलो. गिऱ्हाईक म्हणालं, "शॉक लागतो का याला?"

त्या दिवशी घरी आलो तर बायको पदर खोचून भिंत घासत होती. विटेचा तुकडा, साबण आणि बादली. छपराखालची काजळी निघून पांढरा चुना दिसू लागला होता. टेकू तिनं काढून चुलीसाठी फोडला होता.

"अगं, काय करतेस? नवं दिसेल."

"नवंच आहे."

"मग पाडतील."

"पाडू देत." तिनं घासणं थांबवलं नाही. "त्या रविवारी तुम्ही छिन्नी मारत होतात, तेव्हा मी आत होते. एकेक घाव पाठीत बसत होता माझ्या. पाडायचं तर घर म्हणून पाडू देत. गोठा म्हणून नको. आणि उद्या जाऊन त्या साहेबांना सांगा, तडा मीच पाडलाय म्हणून."

"तेच सांगू?"

"दुसरं काय आहे सांगण्यासारखं?"

मी गेलो. पालिकेच्या कचेरीत बाकावर बसून मी 'तडा मीच पाडला, तडा मीच पाडला' असं पुटपुटत पाठ करत होतो. शेजारच्या माणसानं जागा बदलली. ओव्हरसियरांनी माझं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं नोकरी होत आली. लोक घर नीट आहे हे सांगायला लाच देतात. मोडकं करून दाखवणारे आपण पहिले."

दोन दिवसांनी ते आले. खिशातलं नाणं काढून त्यांनी तड्यावर टकटक केलं. खाली वीट शाबूत. लाल अक्षरं बायकोच्याही घासण्यानं गेली नव्हती, नुसती फिकी झाली होती. ते उंबऱ्यावर बसले, पाणी मागितलं.

"ही सगळी जागा तुमच्यासारख्यांसाठीच राखून ठेवलीय," ते म्हणाले. "आसपास बघा. उरली आहे का कुठं? सगळीकडे टॉवर. ही पडून राहिली म्हणून राहिली. इथं पुढे मोठी इमारत होईल, शेकडो माणसं राहतील. त्यावर तुम्ही येऊन दोन-दोन खोल्या टाकता. म्हणजे तुमच्याच हक्काच्या जागेवर तुम्हीच अतिक्रमण करता."

"पण ती इमारत कधी होणार?"

"ते मला माहीत नाही."

"मग तोवर आम्ही कुठं राहायचं?"

ते पाण्याचा तांब्या तोंडाला न लावता वरून ओतून प्याले. खाली ठेवला. "तेवढं नकाशात दाखवायला जागा नसते," ते म्हणाले.

मी वाद जिंकलो असं मला क्षणभर वाटलं. पण ते बोलत होते तेही खोटं नव्हतं. पाटीखालचं ते गवत मला आठवलं, आणि ओढ्याकाठची टाकीवाली बाई. तिच्या वाट्याच्या जागेवर मी वास्तुशांत केली होती.

शिपायानं लाल अक्षरांवर चुना फासला आणि शेजारी पिवळा नंबर टाकला. गल्लीत सगळी दारं थोडी थोडी उघडी होती. जाताना ओव्हरसियर आमच्या स्वयंपाकघरापाशी थांबले, टेप टाकून बघितला. "पुढे इमारत झाली तर रस्ता इथून जाणार. ही खोली त्यात येते. पुढची वाचेल की नाही ते माझ्या हातात नाही. पण ही जाणार, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. म्हणजे आपण तिला तडे पाडत बसणार नाही."

त्यानंतरची काही वर्षं आम्ही जाणार असलेल्या स्वयंपाकघरात जेवलो. बायकोनं तिथं निळ्या फरश्या लावून घेतल्या. मी म्हटलं, जाणाऱ्या खोलीला कशाला? ती म्हणाली, मग काय तिला फाटक्यात पाठवू? भीती गेली नव्हती. फक्त तिला आता पत्ता मिळाला होता. जड गाडीचा आवाज आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचो, जसं काही माझ्या उभं राहण्यानं रस्ता वळणार होता. मग नवा कायदा आला, गुंठेवारीतली घरं नियमित करायचं ठरलं, आमच्या गल्लीतली बहुतेक वाचली. आमचीही पुढची खोली वाचली.

आणि रिकाम्या राहिलेल्या रानात इमारतीचे खांब उभे राहिले.

यंत्र सकाळी आलं. चालवणारा भला माणूस होता, सामान काढा म्हणून थांबला. ऐन वेळी माझं डोकं बंद पडलं. बायकोनं मिक्सर, देव आणि मुलीचं दप्तर बाहेर आणलं. गॅसची टाकी तिनं ओढत आणली. मी धावत आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात आजोबा होते. गवंडी मोठ्यानं हसला. मग सगळे हसले. बायको हसली नाही. ती टाकीवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्याकडे बघून माझंही हसू आतच राहिलं. यंत्रानं भिंतीला हात लावला. गव्हाचं पोतं टाकावं तेवढाच आवाज झाला.

इमारती झाल्या. चार मजली, लहान-लहान घरांच्या. त्यांच्यामुळे रस्ता आला, आमच्याही घरातल्या नळाला पाणी आलं, बस वळून इथपर्यंत येऊ लागली. ओढ्याकाठची काही माणसं तिथं राहायला आली, सगळी नाही. काही तोवर कुठं गेली ते कुणाला सांगता येत नाही. ती टाकीवाली बाई कधी दिसते का म्हणून मी जाता-येता बाल्कन्यांकडे बघतो. तिचा चेहरा मला आठवत नाही, गुडघे आठवतात. तात्या एकदा रस्त्यानं जाताना थांबले, वर मजल्यांकडे बघत म्हणाले, "झाली की शेवटाला. आमी उगंच म्हनत व्हतो होत न्हाई." त्यांच्या आवाजात आनंद होता की दुसरं काही, मला कळलं नाही.

आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत तेवढी शिल्लक आहे. ती आता खोलीची बाहेरची भिंत झाली आहे आणि तिच्या निळ्या फरश्या रस्त्याकडे तोंड करून आहेत. इमारतीतली मुलं त्यावर खडूनं स्टंप काढतात. चेंडू फरशीवर आपटला की बायको अजून आतून म्हणते, "हळू रे, स्वयंपाकघर आहे ते."

परवा दुपारी दोन माणसं रस्त्यात थांबली. एकानं टेपचं टोक आमच्या फरश्यांना लावलं आणि दुसरा तो ओढत मागे मागे गेला. पाण्याची नळी टाकायची असेल, केबल असेल, काहीही असेल. मी दारातून आत आलो. माझं तोंड बघून बायकोनं विचारलं नाही काय झालं म्हणून.

"चहा टाकू," ती म्हणाली, "की काजळी धरू?"

"चहाच टाक," मी म्हटलं, आणि भिंतीवरून आजोबा उतरवून हाताशी घेऊन बसलो.